मोरव्याला ७७७ थांबलं, तिथंच शंका यायला हवी होती

दिवाळीत मामाकडे गडचिरोलीला गेले होते. कॉम्प्लेक्समधलं घर, वरची खोली, खिडकीला लावलेलं टेबल आणि त्यावर मामेभावाचा कॉम्प्युटर. "ताई, बस इथं. तुले मोरव्याले उतरवून दाखवतो," असं म्हणत त्याने मला खुर्चीत बसवलं.

स्क्रीनवर बोइंग ७७७-३०० ईआर. टाक्या काठोकाठ भरलेल्या, वजन साडेतीनशे टन. खाली उपग्रहाच्या चित्रात दिसणारी चंद्रपूरजवळची मोरव्याची धावपट्टी. ही पट्टी जेमतेम एक किलोमीटरची आहे, छोट्या विमानांसाठी. या विमानाच्या पंखांचा पसाराच जवळपास ६५ मीटर! विमान टेकलं, ब्रेक लागले आणि पट्टी संपायच्या आत गाय गोठ्यात बसावी तसं शांतपणे थांबलं.

"थांबलं न वो!" भाऊ जाम खूश. मीही टाळ्या वाजवल्या. मामी खालून ओरडली, "आता तरी जेवाले या!"

नागपूरला परतल्यावर ही गंमत मी कॉलेजमधल्या एका सिनियरला सांगितली. तो सध्या गोंदियाजवळ बिरसीला वैमानिकाचं प्रशिक्षण घेतोय. तो आधी खूप हसला, मग म्हणाला, "अगं, साडेतीनशे टन हे त्या विमानाचं उडतानाचं जास्तीत जास्त वजन आहे. उतरतानाची मर्यादा अडीचशे टनांच्या आसपास. त्या वजनाला ते एका किलोमीटरमध्ये थांबलं असेल, तर त्याने विमान नाही, विमानाचा फोटो विकत घेतलाय."

वाईट वाटलं, कारण त्या फोटोला भावाने २,८०० रुपये मोजले होते. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर हिशेब लिहिण्याचं काम करून जमवलेले. जाहिरातीतले फोटो पाहून घेतलं. रंग झकास, खिडक्यांवर पावसाचे थेंबसुद्धा ओघळतात. पण कॉकपिटमधली निम्मी बटणं नुसती रंगवलेली. दाबली तरी काही होत नाही.

तेव्हापासून गेले काही महिने आम्ही दोघं एकाच प्रश्नामागे लागलोय. घरच्या सिम्युलेटरसाठी खरंखुरं वाटणारं प्रवासी विमान घ्यायचं असेल, तर ते ओळखायचं कसं?

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा १९८२ पासून चालत आलेला प्रोग्रॅम. सध्या त्याच्या २०२० आणि २०२४ अशा दोन आवृत्त्या जोरात आहेत. दुसरा मोठा गडी म्हणजे एक्स-प्लेन. तिसरा फ्लाइटगिअर, पूर्णपणे फुकट. या सगळ्यांमध्ये पृथ्वी, हवामान, विमानतळ आणि काही विमानं मिळतात. पण एखादं विमान तारेतारेपर्यंत हवं असेल, तर ते दुसऱ्या कंपन्या वेगळं बनवून विकतात. त्याला म्हणतात ॲड-ऑन. चांगल्या ॲड-ऑनची किंमत कधीकधी मूळ सिम्युलेटरपेक्षाही जास्त असते. आणि एकासाठी घेतलेलं दुसऱ्यात चालेलच असं नाही. एक्स-प्लेनचं विमान मायक्रोसॉफ्टमध्ये चालत नाही, आणि २००६ च्या जुन्या एफएसएक्ससाठी बनवलेलं विमान सेलमध्ये कितीही स्वस्त दिसलं तरी आजच्या आवृत्तीत त्याचा उपयोग नाही.

आता खरेपणाकडे येऊ. आमची पहिली समजूत अशी होती की जितकं सुंदर तितकं खरं. ती साफ चुकीची निघाली. खरं विमान ओळखायचं ते तुम्ही काहीतरी चुकवल्यावर.

बोइंग ७३७ घ्या. याचं मूळ डिझाइन १९६० च्या दशकातलं, पहिलं उड्डाण १९६७ मध्ये. त्यामुळे यात बरीच कामं वैमानिकालाच हाताने करावी लागतात. विमान थंड आणि अंधारं उभं आहे. बॅटरी लावली. शेपटीतलं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, सुरू केलं. पण त्याचा जनरेटर तुम्ही स्वतः स्विच ओढून जोडल्याशिवाय वीज येत नाही. मोठं इंजिन फिरवायला दाबाची हवा लागते. एसीचे पॅक बंद करायला विसरलात, तर ती हवा तिकडेच खर्च होते आणि इंजिन नीट फिरत नाही. फिरायला लागल्यावर आतला वेग साधारण २५ टक्क्यांवर गेला की इंधनाचा लिव्हर उचलायचा. घाई करून आधीच उचलला, तर तापमानाचा काटा भराभर चढायला हवा. आता हीच चूक मुद्दाम करून बघा. भावाच्या २,८०० वाल्या विमानात एक बटण दाबलं की दोन्ही इंजिनं सुरू. अहो, आमच्या मामाची लुना तरी दोन पॅडल मागायची!

एअरबस ए३२० चा स्वभाव वेगळा. पहिलं उड्डाण १९८७ चं. इथे पॅक इंजिन सुरू होताना आपोआप बंद होतात, वीज आपली आपण जोडली जाते. म्हणून काही जण म्हणतात की एअरबस सोपं. पण त्याचं खरेपण दुसरीकडे तपासायचं. साइडस्टिकने विमान २० अंश कलवा आणि स्टिक सोडून द्या. ते तसंच कललेलं राहायला हवं, कारण मधला कॉम्प्युटर तुम्ही दिलेली स्थिती धरून ठेवतो. ३३ अंशांच्या पुढे कलवून सोडलंत, तर स्वतःहून ३३ वर परत यायला हवं. ७३७ मध्ये असं काही नसतं. तिथे वेग बदलला की नाक वरखाली होतं आणि अंगठ्याने सतत ट्रिम करत बसावं लागतं. ए३२० म्हणून विकलेलं विमान हातात ७३७ सारखं वागत असेल, तर समजा की वरून फक्त रंग दिलाय.

ऑटोपायलटची गोष्ट मात्र जरा गंभीर आहे, आणि मला स्वतःला या सगळ्या उद्योगाचं महत्त्व तिथे कळलं.

एअरबसमध्ये वेग, दिशा, उंचीची बटणं आत दाबली तर कारभार विमानाच्या कॉम्प्युटरकडे जातो, बाहेर ओढली तर तुम्ही सांगाल ते. उंचीचं बटण ओढून खाली उतरायला लागलात, की विमान 'ओपन डिसेंट' मोडमध्ये जातं. म्हणजे इंजिनं जवळजवळ आयडलवर, आणि वेग सांभाळला जातो तो नाक वरखाली करून. उंचावर हे बरोबर. जमिनीजवळ धोक्याचं, कारण तिथे नाक वर ओढलंत तर वेग सावरायला इंजिनं पुढे येत नाहीत.

१४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून बंगळुरूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ए३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं. १४६ जणांपैकी ९२ जण गेले. विमान तेव्हा अगदी नवं होतं आणि आपल्याकडे ही जातच नवी होती. चौकशीत समोर आलं ते हेच. शेवटच्या टप्प्यात विमान आयडल ओपन डिसेंटमध्ये होतं, वेग घसरत होता आणि ते वेळेत ध्यानात आलं नाही. दोन्ही बाजूंचे फ्लाइट डायरेक्टर बंद झाले असते, तर ऑटोथ्रस्ट आपोआप वेग धरण्याच्या मोडमध्ये गेलं असतं. एक बंद झाला होता, दुसरा चालूच राहिला.

हे वाचल्यावर मी आणि भावाने फ्लायबायवायरच्या ए३२० मध्ये नागपूरच्या धावपट्टीकडे येताना मुद्दाम ओपन डिसेंट लावलं. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत लहान अक्षरांत 'थ्रस्ट आयडल' आणि 'ओपन डिसेंट' अशा अर्थाचे इंग्रजी संक्षेप आले. नाक वर घेतलं, वेग पडू लागला, इंजिनं हलेनात. मग दोन्ही फ्लाइट डायरेक्टर बंद केले, पट्टीवर 'स्पीड' आलं आणि इंजिनांचा आवाज चढला. भाऊ एरवी सतत बडबडतो. त्या दिवशी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, ही वरची पट्टी मी आतापावतर कधी वाचलीच नाई."

तर, ॲड-ऑन घेताना ही पट्टी खरी आहे का, मोड बदलले की विमानाचं वागणं बदलतं का, ते आधी बघा. जाहिरातीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ यासाठी बिनकामाचा. कोणीतरी न कापता केलेलं, कॉकपिट थंड असल्यापासून उतरून इंजिन बंद करेपर्यंतचं पूर्ण उड्डाण शोधा. मध्येच विमानतळाने धावपट्टी बदलली, तर तो माणूस कॉम्प्युटरमध्ये नवा मार्ग भरू शकतो का? घिरट्या घालायच्या म्हटल्या तर विमान नीट घालतं का? बनवणाऱ्याने सोबत मॅन्युअल दिलंय का, आणि सिम्युलेटरचा मोठा अपडेट आल्यावर विमानही अपडेट केलंय का, हेही बघा. वैमानिकांच्या नकाशांचा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो. तो नव्याने भरायची सोय नसलेलं ॲड-ऑन वर्षभरात शिळं होतं.

आणखी एक परीक्षा आपल्या भागातल्यांना सहज जमेल. ऊन! नागपूरच्या साधारण ३,२०० मीटरच्या धावपट्टीवर विमान पूर्ण भरून उभं करा. आधी जानेवारीच्या पहाटेचं १५ अंश तापमान लावा, मग मे महिन्यातलं चंद्रपूरचं ४६. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते आणि साधारण ३० अंशांच्या पुढे बहुतेक इंजिनांचा जोरही उतरायला लागतो. म्हणजे मेमध्ये विमानाने जास्त लांब धावून उठायला हवं आणि चढताना दमायला हवं. दोन्ही वेळा सारखंच उठलं, तर त्या विमानाला विदर्भ माहीत नाही.

आता पैशाचं आणि मशीनचं बोलू. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी इथेच अडते.

२०२४ च्या मायक्रोसॉफ्टला किमान १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड लागतं, वर जमिनीची चित्रं इंटरनेटवरून सतत ओढली जातात. गडचिरोली शहरात हे कसंबसं जमतं. पण भावाचा भामरागडकडचा मित्र काय करणार? त्याच्यासाठी एक्स-प्लेन बरं, कारण त्यातला भूभाग एकदाच उतरवून ठेवता येतो, आणि विंडोजशिवाय मॅक, लिनक्सवरही चालतं. आधी फुकटातला डेमो टाकून आपल्या मशीनवर किती रडतं ते बघता येतं. मशीन अगदीच जुनं असेल तर फ्लाइटगिअर. भारी ॲड-ऑनला मूळ सिम्युलेटरच्या वर आणखी ताकद लागते, हे दुकानाच्या पानावर ठळक लिहिलेलं नसतं. सिम्युलेटर सोबतच्या विमानासह जेमतेम चालत असेल, तर पीएमडीजी किंवा फेनिक्स टाकल्यावर स्लाइड शो होणार, हे धरून चाला.

या दोघांची नावं घेतली कारण मायक्रोसॉफ्टवर ७३७ आणि ७७७ साठी पीएमडीजी, तर ए३२० साठी फेनिक्स, ही दोन नावं जाणकार पहिल्यांदा घेतात. पीएमडीजीचं ७३७-८०० सत्तर-पंचाहत्तर डॉलरच्या घरात, म्हणजे सहा हजारांच्या आसपास. फेनिक्स थोडं खाली. त्यात परदेशी व्यवहारासाठी बाबांचं कार्ड, बँकेचं जास्तीचं शुल्क आणि बाबांना "विमान घेतोय" हे समजावून सांगणं आलंच. पेन ड्राइव्हवर फिरणाऱ्या क्रॅक कॉप्यांविषयी विचारूच नका. व्हायरसचं सोडा, अपडेट मिळत नाहीत आणि पुढच्या महिन्यात विमान सुरूच होत नाही.

पण खरी बातमी ही की खिशात एक रुपया नसतानाही उत्तम प्रवासी विमान मिळतं. फ्लायबायवायरचं ए३२० निओ मायक्रोसॉफ्टसाठी पूर्ण फुकट आहे. जगभरातल्या हौशी प्रोग्रॅमरांनी २०२० पासून ते उघड्यावर, सगळ्यांना कोड दिसेल असं बनवत आणलंय. पुढे त्यांनी ए३८० सुद्धा फुकट दिलं. एक्स-प्लेनवर 'झिबो' नावाने ओळखलं जाणारं ७३७-८०० तसंच फुकट, आणि काही पैशांच्या विमानांना लाजवेल असं. मायक्रोसॉफ्टच्या चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तीसोबत, २०२२ मध्ये, इनीबिल्ड्सचं ए३१० सगळ्यांना मोफत मिळालं होतं. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने एकही पैसा विमानावर खर्च करू नका. असतील तर साधी जॉयस्टिक घ्या. कीबोर्डवरून ए३२० उतरवणं म्हणजे चमच्याने विहीर खणणं.

आणि एकच विमान घ्या. भावाच्या मशीनवर एका वेळी चौदा विमानं होती, चालवता एकही धड येत नव्हतं.

कोणतं घ्यायचं यावर आमचं भांडण झालं. त्याला ७७७ च हवं होतं. मोठं, दोन इंजिनं, लांबचा पल्ला. पण मुंबई-लंडन म्हणजे नऊ-दहा तास, त्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. अरबी समुद्रावर असताना लाईट गेली की विमान, प्रवासी, दुपार, सगळं गेलं! पल्ला लहान घ्यायचा, तर लहान मार्गावरचं विमान का नको? इथे मला आपल्याच भागातलं एक उदाहरण सापडलं. इंडिगोने १ डिसेंबर २०२३ पासून गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा सुरू केली, ती एटीआर ७२ या पंख्यांच्या विमानाने. नकाशावर गोंदिया ते हैदराबाद पट्टी ठेवून रेघ ओढा. ती ब्रह्मपुरीवरून, मूलच्या जवळून, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यावरूनच खाली जाते. खरी विमानं ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात, त्यामुळे रेघ थोडी इकडेतिकडे होईल. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. जेवणाआधी सुरू केलं तर जेवायला हैदराबाद.

मायक्रोसॉफ्टवर एटीआर ४२ आणि ७२ चं ॲड-ऑन २०२३ मध्ये आलं, विमान बनवणाऱ्या कंपनीच्या सहकार्याने, आणि भारी जेटच्या तुलनेत बरंच स्वस्त. यात जेटसारखं सगळं आपोआप होत नाही. आपोआप वेग सांभाळणारं ऑटोथ्रॉटलच नाही, हात सतत लिव्हरवर ठेवावा लागतो. शिवाय कमी उंचीवरून, सावकाश जाताना खालचं जंगल दिसतं, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या चिमण्या लांबून ओळखता येतात. ७७७ मधून पस्तीस हजार फुटांवरून काय दिसणार, ढग?

भावाला पटलं नाही. "पंख्याचं इमान? लोकं हासतीन." मग मी त्याला विचारलं, की पुढे खरंच वैमानिक झालास तर पहिल्या दिवशी ७७७ देतील का? इथे तो गप्प झाला, कारण हा त्याच्यासाठी खेळ नाही. बारावीला फिजिक्स आणि गणित घेतलं ते यासाठीच. आता गोंडवाना विद्यापीठाच्या कॉलेजात बीएस्सी करतोय. जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हटलं की वडसा, आकाशात दिसतात ती बहुतेक हेलिकॉप्टरं, आणि हा व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याची स्वप्नं बघतो. त्या परवान्याला २०० तासांचं खरं उड्डाण लागतं. घरच्या कॉम्प्युटरवरचा एक मिनिटही त्यात धरत नाहीत, आणि धरायलाही नको. प्रशिक्षणाचा खर्च लाखांत, मामाच्या दुकानाच्या कितीतरी पलीकडे. हे त्यालाही माहीत आहे, मामालाही. त्यावर घरात कोणी बोलत नाही.

म्हणून बिरसीच्या सिनियरलाच फोन लावला. स्पीकरवर ठेवला. भावाने धीर करून विचारलं, "दादा, याचा काही उपयोग आहे का जी?"

सिनियर म्हणाला, "हात बसवायला नाही. हात खऱ्या विमानातच बसतो, इथल्या सवयी कधीकधी मोडाव्याही लागतात. पण कोणतं बटण कशासाठी, चेकलिस्ट कशी वाचायची, यंत्र वाचून काय समजतं, हे घरी बसून शिकता येतं. फक्त विमान खोटं नको. खोटं असेल तर चूक शिकशील आणि ती बरोबर वाटेल."

मग त्याने एक काम दिलं. सिमब्रीफ नावाच्या फुकट सेवेवर गोंदिया-हैदराबादचा आराखडा बनवायचा, इंधन किती आणि का ते कागदावर मांडायचं, आणि मगच उडायचं.

गेल्या रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याने एटीआर घेतलं नव्हतं. आधी फुकटचं ए३२० पूर्ण शिकतो म्हणाला, पैसे डब्यात ठेवलेत. गोंदियाहून हैदराबादला निघाला होता, वहीत इंधनाचं गणित, वरच्या पट्टीवर बोट. मागून मामाचा आवाज आला, "कुठवर पोचला रे पोट्टा?"

"मूलवर हाय बाबा. ढग हाय, काही दिसून नाई रायलं."

मामा खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याने चष्मा लावला आणि विचारलं, "आपलं गडचिरोली कोणत्या बाजूले येते?"

"डाव्या खिडकीतून पाहा," भाऊ म्हणाला. एवढ्यात लाईट गेली.